बचन सादाच्या बर्फातलं मीठ

बचन सादाच्या पेटीत बर्फ असायचा, भुसा असायचा, खडेमीठ असायचं आणि वर भरपूर ऐट. कोसी नदीच्या बांधाखालच्या आमच्या बाजारातला रोहू त्याच्याच पेटीतून दरभंग्याला जायचा. "माझा मासा तिथं उतरल्यावरही गिऱ्हाइकावर डोळे वटारतो," असं तो व्यापाऱ्यांना ऐकवायचा.

बायको कालाजारानं गेली. मग मुलीला, सुकनीला, त्याच तापानं धरलं. पानथरी वाढून पोट टम्म, हातापायांच्या काड्या. एकदा इंजेक्शनांनी बरी झाली, पुन्हा पडली. आता एकच औषध उरलं होतं, चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांत बांधलेलं. त्या पुड्या औषध नेमकं पानथरीत नेऊन सोडतात, वाटेत मूत्रपिंडांचं वाटोळं करत नाहीत. आम्ही सरकारी दवाखान्याच्या साहेबांच्या दारात धरणं धरलं, शिव्या खाल्ल्या, दिल्या, तेव्हा कुठं ते आलं.

आलं त्याच दिवशी वादळानं विजेचे खांब आडवे केले. दवाखान्यातला फ्रीज बंद. जनरेटरचं डिझेल कुठं जातं ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. सुकनीला आधी रक्त चढवायचं होतं, म्हणून औषध दुसऱ्या दिवसावर गेलेलं.

दवाखान्यातली तिर्की सिस्टर औषधाच्या बाटल्या घेऊन बचनकडे आली. "काका, बर्फ आहे?"

"दीदी, उद्या न्हाव्याला विचाराल, वस्तरा आहे का!"

"चेष्टा नको. सकाळपर्यंत हे थंड राहिलं पाहिजे."

"थंड? हिमालयात झोपवतो."

त्यानं पेटी भरली ती रोहूसाठी भरतो तशीच. भुसा, फोडलेला बर्फ, त्यावर मीठ. मिठानं बर्फ आणखी गार होतो, हे त्याला बापानं शिकवलेलं. पोरीचं औषध म्हणून मीठ दुप्पट घातलं.

सकाळी सिस्टरनं बाटली काढली. पिवळं दुधाळ औषध दगड झालं होतं. वितळलं तेव्हा तळाशी गुठळ्या.

"काका, हे गोठलं. चरबीची वेष्टनं फुटली. आता देता येणार नाही."

"थंडच सांगितलं होतं ना, दीदी?"

"इतकं नाही, काका."

बचननं बाटली मुठीत धरली, खुळखुळवली. "हलवून बघा ना. मिसळेल."

मी सिस्टरवर ओरडलो. तिनं औषधाचं रिकामं खोकं माझ्या अंगावर फेकलं. त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होतं, गोठवू नये. गडबडीत तिनं ते वाचलंच नव्हतं. बचनला तर अक्षरओळख नाही. आमच्या टोल्यात, अख्ख्या वस्तीत, ते वाचणार कोण, हा प्रश्न छापणाऱ्याला पडला नसावा.

दुसरं औषध आलं तेव्हा सुकनी नव्हती. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर चढलं.

बचन अजून पेट्या भरतो. मीठ घालत नाही. दरभंग्याला पोचेपर्यंत मासा नरम पडतो, व्यापारी आईबहिणीवरून शिव्या घालतात. "म्हाताऱ्या, मूठभर मीठ टाकायला तुझा हात झडतो का?"

तो भुसा थापत राहतो.