गोधडीची आई

तो माणूस मला पहिल्याच दिवसापासून "मावशी" म्हणायचा, तिथेच मी फसले. नाहीतर कळमनुरीच्या बाजारात शेळीच्या दातांआधी मालकाचं तोंड वाचणारी बाई मी. नवरा गेल्यावर एका शेळीपासून गोठा उभा केला. कोणी मला गंडवलं नव्हतं.

जनावरांच्या पिल्लांना आईचा लळा कसा लागतो, याचं संशोधन करत होता तो. त्याला नुकतंच जन्मलेलं करडू हवं होतं. हिंगोलीला नेऊन ते दोन लोखंडी चौकटींमध्ये सोडायचं. एकीला दुधाची बाटली, दुसरीला नुसती गोधडी गुंडाळलेली. करडू कोणाला आई मानतं ते बघायचं.

मी अट घातली, "भरल्या वजनाचं परत पाहिजे. छटाकभर कमी भरलं तर शेळीची किंमत घेईन."

तो लगेच हो म्हणाला. घासाघीस न करता हो म्हणणाऱ्याला काहीतरी माहीत असतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

करडू नेलं आणि आई आठवडाभर ओरडत राहिली. जीप गेली त्या रस्त्याकडे तोंड करून. मी एकदा हिंगोलीला जाऊन पाहिलं. करडू बाटलीपाशी घटाघटा प्यायचं आणि पळत जाऊन गोधडीला चिकटायचं.

परत आणलं तेव्हा ते चांगलं गुटगुटीत होतं. आईसमोर सोडलं. तिनं वास घेतला आणि ढुशी देऊन त्याला भिंतीवर आपटलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ढुशी. तो शांतपणे लिहीत उभा.

"असं होणार, तुमाला ठाव होतं?"

"हो मावशी. ते अपेक्षितच होतं."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"तुम्ही वजनाचंच विचारलंत."

हे वाक्य मी दोन वर्षं चघळलं. करडू वाढलं, त्याची देखणी शेळी झाली. पण ती कळपात कधी बसली नाही. कोपऱ्यातल्या गोणपाटांच्या ढिगाला अंग लावून निजायची. खाटीक आले, व्यापारी आले. मी विकली नाही. त्या संशोधकासाठी ठेवली होती.

ती गाभण राहिल्याचं कळताच त्याचा फोन आला. आई न मिळालेली शेळी स्वतः आई होते का, हेच त्याला पाहायचं होतं. "फक्त कोणी हात लावायचा नाही, मावशी."

"या की. चहा पाजते," मी म्हणाले. घासाघीस केली नाही. आता त्याला संशय यायला हवा होता.

तो कॅमेरा घेऊन गोठ्यात येऊन बसला. भर दुपारी ती व्याली. उठली, पिल्लाकडे पाहिलंही नाही, सरळ जाऊन गोणपाटांना चिकटली. ओलं करडू मातीत कुडकुडत होतं. कॅमेऱ्यामागे त्याचा चेहरा खुलला. "बघा मावशी, बघा!"

त्याला पुरतं खुलू दिलं. मग पदरात बांधलेलं खडेमीठ सोडलं आणि कॅमेऱ्यासमोरून चालत गेले. शेळी पिल्लाला चाटत नसली की आमच्याकडे त्याच्या अंगाला मीठ चोळतात. आधी त्याचं नाक पुसलं, मग चोळायला लागले.

"अहो, काय करताय! दोन वर्षं वाया जातील माझी!"

"जाऊ द्या. माझी शेळी आठवडाभर वरडली, तवा तुमचं काय गेलं?"

"निदान थोडं थांबा..."

"माय मरो, मावशी जगो म्हणत्यात. ह्याला मावशी बी न्हाई. शिंगं धरा हिची!"

"मी?"

"न्हाईतर तुमच्या गोधडीला बलवा!"

त्यानं शिंगं धरली. शेळीनं मिठाचा वास घेतला, जीभ लावली, थांबली, पुन्हा लावली. करडू धडपडत उठलं. मी सड त्याच्या तोंडात दिला. शेळीनं लाथ झाडली, लेंड्यांचा सडा त्याच्या पँटवर. "घट्ट धरा!" मी ओरडले. करडाचं पोट भरेपर्यंत त्यानं धरून ठेवली. कॅमेरा चालूच होता. त्याच्याच हातांनी त्याचं संशोधन बुडताना मी डोळे भरून पाहिलं. दया अजिबात आली नाही.

निघताना त्यानं विचारलं, "उद्या ती मिठाशिवाय घेईल का त्याला?"

"अपेक्षित काय हाय, ते तुमी सांगा," मी म्हणाले. "आन सकाळी शिंगं धरायला या."

तो आला. शेळीनं करडाला आपणहून जवळ घेईपर्यंत रोज येत राहिला.

चहा मी त्याला अजून पाजलेला नाही.