कोरी प्लेट

दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत तो बावीस वर्षं लोकांच्या लघवीचे नमुने तपासत आला. खिडकीशी येणाऱ्याला पहिला सवाल ठरलेला. "गोळी घेतली का काही? घेतली असेल तर आता कशाला आलात?" माणसं ओशाळायची. गोळीनं जंतू अर्धमेले होतात, मग जंतू वाढवायच्या प्लेटवर उगवत नाहीत, आणि कुठल्या औषधाला दबतील ते कळायची वाटच बंद होते, हे तो घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा.

सोमवारी सकाळी त्याच्याच आईला थंडी वाजून ताप भरला. लघवीला आग, कमरेत कळा. तिचे दात वाजताना ऐकून त्याचं डोकंच चालेना. घरच्या कपाटात मागच्या दुखण्यातल्या गोळ्या उरल्या होत्या. सकाळी एक दिली, संध्याकाळी दुसरी. मंगळवारी ताप हटेना तेव्हा तिला वॉर्डात दाखल केलं आणि लघवीसाठी बाटली पुढे धरली.

"जन्मभर गावाची बघितलीस," आई कण्हत म्हणाली, "माझीच राहिली होती होय रे?"

सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशींचा नुसता खच होता. बुधवारी त्यानं, प्लेटा रात्रभर ठेवतात त्या उबदार कपाटातून, आईची प्लेट काढली. घासून ठेवल्यासारखी लख्ख. एक ठिपका नाही. रक्तातला सीआरपी, म्हणजे अंगात दाह किती ते सांगणारा आकडा, मंगळवारी अठ्ठेचाळीस होता. निरोगी माणसाचा पाच-सहाच्या वर जात नाही. आज एकशे शहाऐंशी. त्यानं रक्ताचा नमुना पुन्हा लावला. तेच.

वर वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट केला. "एवढा पू आणि वाढ नाही? आधी काही दिलं होतं?"

"दोन गोळ्या," तो म्हणाला. "मीच."

बाईंनी कागद घडी करून फाइलीत ठेवला. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"आता अंदाजानंच इंजेक्शन द्यायचं," त्या म्हणाल्या.

"लागू नाही पडलं तर?"

"परवापर्यंत कळेल."

आईनं डोळे किलकिले केले. "सापडला का रे तो किडा?"

"शोधतोय गं."

"तुझ्या हातून सुटायचा नाही," ती म्हणाली आणि तिनं निवांत डोळे मिटले.

तो खाली आला. प्लेट टाकून द्यायची होती. काही उगवणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यानं ती परत उबदार कपाटात सरकवली, दार लावलं आणि दाराला हात लावून तसाच उभा राहिला.