रेकॉर्डचं वाण

चारुदत्तकाकांइतका भिडस्त माणूस मिशिगनमधल्या अख्ख्या नोव्हाय गावात सापडायचा नाही. भीड ही भिकेची बहीण, हे त्यांना कोणी शिकवलंच नाही. गाड्यांच्या कंपनीत जन्म गेला, पण मीटिंगमध्ये ते कधी 'नो' म्हणाल्याचं कोणाला आठवत नाही.

ॲन आर्बरला विद्यार्थी असताना त्यांनी आणि शोभनाकाकूंनी एक रेकॉर्ड घेतली. दोन ब्रिटिश पोरांचा अल्बम. वर रॉकची गिटार, खाली नाचायला लावणारा मशीनचा ठेका. हीटर बंद पडला की दोघं त्यावर जाड मोजे घालून नाचायची. कुठली बाजू आधी, यावरून भांडायची. शेवटी काकूंनी एका लेबलवर पेनानं लिहूनच टाकलं, 'आधी ही'. काकू गेल्यापासून काकांनी ती लावली नव्हती. परवा टर्नटेबलची सुई बदलून आणली. "एकदा ऐकायचंय गं, पण डेअरिंग होत नाही," मला म्हणाले.

त्याच आठवड्यात मंडळाच्या मृणालिनीताई त्यांच्याकडे आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना 'इको-फ्रेंडली' वाण लुटायचं होतं, जुन्या रेकॉर्ड ओव्हनमध्ये मऊ करून केलेल्या वाट्या.

"ह्या ऐकता का हो अजून?" त्यांनी टर्नटेबलशेजारच्या रेकॉर्डच्या खोक्याकडे बोट दाखवलं. काकूंची रेकॉर्डही त्यातच होती.

"घ्या की, तुमचंच आहे," काका म्हणाले.

आपल्यात यावर समोरच्यानं 'छे हो, राहू द्या' म्हणायचं असतं. बाईंनी खोकं उचललं आणि गाडीत टाकलं! मी काकांना म्हटलं, आत्ता फोन करा. तर म्हणे, "दिलेलं परत कसं मागायचं?"

हळदीकुंकवाला काकांना मीच घेऊन गेले. पुरुष बेसमेंटमध्ये, आम्ही वर. माझ्या हातात वाण आलं. झालरीसारख्या वाकलेल्या कडा, आत तिळाचे लाडू, आणि लाडवांखाली काकूंचं अक्षर. मला शिसारी आली. लाडू तोंडात घालवेना.

"ताई, ही शोभनाकाकूंची रेकॉर्ड आहे."

"अगं, काकांनीच दिली ना! कित्ती क्यूट झालीये बघ," म्हणत त्या फोटो काढत राहिल्या.

तेवढ्यात काका जेवायला वर आले. वाटी हातात घेऊन लेबल वाचलं. "हो हो, मीच दिली," ते म्हणाले. "छान झालीय."

बाईंचा संताप आलाच होता, पण त्या 'छान'ची मला जास्त किळस आली. घरात सगळे हसत होते, गोड गोड बोलत होते, आणि मला तिथून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.

परतताना वाटी काकांच्या मांडीवर होती. खाचांवरून ते नख फिरवत होते.

"पुन्हा ओव्हनमध्ये घालून सपाट केली, तर वाजेल का गं?"

"नाही, काका."

त्यांचं नख खाचेत थांबलं. मग एकदम ओरडले, "मला द्यायची नव्हती ती!"

ऐकायला गाडीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.