शटलचं माप

शेजारच्या देशाशी व्यापार बंद झाला तेव्हा कानसकाका एक्केचाळीस वर्षांचे होते. आता सदुसष्ट झाले. मधली सव्वीस वर्षं त्यांनी लेथवर एकच वस्तू केली, शिलाई मशीनचं शटल. सुईखाली फिरतो तो मुठीएवढाही नसलेला लोखंडी भाग, ज्यात दोऱ्याची बॉबिन बसते.

गावातली झाडून सगळी मशीनं शेजाऱ्यांच्या बनावटीची होती आणि सुटे भागही तिकडूनच येत. सीमा बंद झाली आणि शिंपीलोकांची भंबेरी उडाली. तेव्हा यांनी शटल करून दाखवलं. गावाने डोक्यावर घेतलं. हातात सदानकदा कानस, म्हणून नाव पडलं कानसकाका. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं.

काकांचं शटल पहिल्यांदा घातलं की मशीन मात्र लगेच नीट चालत नसे. सुया मोडत, दोरा तुटे, खालचा भाग तापे. चार-सहा महिन्यांनी सगळं सुरळीत होई. गावात याला 'रुळणं' म्हणत. नव्या सुनेला घरात रुळायला वेळ लागतोच की, असं म्हणून बायका तेवढे महिने जाड सुया वापरत आणि मशीनला लाखोली वाहत. शटल घातल्या दिवसापासून चालू शकतं, हे तरुणांना ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण ते विसरले. कशाचीही सवय लागली की आपण तिला रीत म्हणतो, आणि रीत म्हटलं की कुणी विचारत नाही.

त्या वर्षी सरकारने एक समिती नेमली. व्यापारबंदी उठवावी की ठेवावी, हे गावोगावच्या कामकऱ्यांना विचारायचं ठरलं. आमच्या गावात सर्वांत आधी जागे झाले ते उद्योजक संघाचे अध्यक्ष. त्यांचा दोऱ्याचा कारखाना. दोरा असा, की नुसतं रागाने बघितलं तरी तुटावा. पण दुसरा मिळतच नव्हता, त्यामुळे खपत होता. ते काकांच्या दुकानी आले, स्टूल पुसून बसले.

"काका, तुम्ही फक्त उभं राहायचं. शटल दाखवायचं. आम्हाला बाहेरच्या कुणाची गरज नाही, एवढं म्हणायचं."

"म्हणतो," काका म्हणाले.

"सीमा उघडली तर तुमचा हा लेथ भंगारात जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

कळत होतं, पण पोचत नव्हतं. बायको गेल्यापासून चार वर्षं काकांचं असंच चाललं होतं. दुःख झालं म्हणावं तर तेही धड झालं नाही. जेवायचे, पण आमटीत मीठ नसलं तरी लक्षात यायचं नाही. कुणी विचारलं तर "चाललंय" म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

लेकीला सीमा उघडायला हवी होती. भाड्याच्या खोलीत तिची आठ मशीनं, आठ बायका, आणि हाती इस्पितळाच्या चादरींचं मोठं काम. त्यातल्या दोन मशीनांची मूळ शटलं नुकतीच बदललेली, म्हणजे रुळत असलेली. टाके सुटत होते. इस्पितळाने एक गठ्ठा परत पाठवला होता. दुसरा आला तर काम जाणार आणि कामाबरोबर खोलीही.

"तुम्हाला जे बोलायचं ते बोला, बाबा," ती म्हणाली होती. "मला अस्सल शटल मिळालं, तर मी तरेन. एवढंच सांगते."

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. समितीच्या प्रमुख एक बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून लिहिणाऱ्या. टेबलावर शेजाऱ्यांनी पाठवलेल्या नमुन्यांची पेटी उघडून ठेवली होती, लोकांनी हाताळून बघावं म्हणून. काकांचा पुकारा झाला. अध्यक्षांनी स्वतः टाळ्या सुरू केल्या. काकांनी आपलं शटल टेबलावर ठेवलं, आणि शेजारी पेटीतलं अस्सल शटल दिसलं तसं सवयीने उचललं.

लोक खिशाला पेन लावतात, काका मायक्रोमीटर बाळगत. त्यांनी अस्सल शटल मापलं. मग आपलं मापलं. मग पुन्हा दोन्ही मापली. सभागृहात कुणीतरी खाकरलं.

पाच शतांश मिलिमीटर. काकांचं शटल तेवढं जाड होतं.

हे कसं झालं, ते त्यांना उभ्याउभ्याच समजलं. बंदीनंतर पहिलं मशीन आलं होतं एका म्हाताऱ्या शिंप्याचं. वर्षानुवर्षं चालून त्यातलं शटलचं घर, म्हणजे शटल फिरतं ती खोबण, झिजलेलं, सैल झालेलं. काकांनी त्या घरात घट्ट बसेल असं शटल केलं. ते झकास चाललं. मग तेच नमुना म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि पुढची सव्वीस वर्षं त्याच्यावरून शटलं केली. चांगल्या मशीनांत ती जाड शटलं घासत राहिली, सुया मोडत राहिली, घर झिजवत राहिली, आणि घर पुरेसं झिजलं की गाव म्हणे, रुळलं.

बायको युनिफॉर्मच्या कारखान्यात होती. तिच्या मशीनला नवं शटल बसवलं त्या वर्षी तिच्या हातून इतक्या सुया मोडल्या, की मुकादमाने तिला घरी बसवलं. घरी येऊन ती म्हणाली होती, "हातच बिघडला माझा." पुन्हा ती मशीनवर बसली नाही. काका तेव्हा जेवत होते. "होतं असं वयामुळे," म्हणाले होते. ती चौतीस वर्षांची होती.

आता काहीतरी वाटायला हवं होतं. काका वाट बघत उभे राहिले. काहीच वाटलं नाही. 

"बोला," समितीच्या बाई म्हणाल्या.

"उघडा," काका म्हणाले.

अध्यक्षांनी मान वर केली. काकांनी दोन्ही शटलं तळहातावर घेऊन सगळं सांगितलं, पहिल्या मशीनपासून. आवाज चढला नाही की पडला नाही. बायकोचं मात्र सांगितलं नाही.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे उद्या अस्सल शटलं आली, की ही मशीनं नीट चालतील?"

"नाही. घरं झिजलीत. अस्सल शटल त्यात खुळखुळेल."

"किती मशीनं असतील अशी?"

"गावातली सगळी. काही पुरती झिजलीत, काही झिजत आलीत."

तिसऱ्या रांगेत लेक बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि खाली बघितलं.

अध्यक्ष नंतर व्हरांड्यात काकांशी बोलले नाहीत. शिंपीलोक टोळक्याने उभे होते, त्यांतलाही कुणी पुढे आला नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण गावाला अजून काय वाटावं हेच ठरत नव्हतं. लेक आणि काका पायी निघाले.

शाळा मागे पडेपर्यंत ती झपाझप चालली. मग म्हणाली, "माझ्या आठ मशीनांना अस्सल शटल बसणारच नाही."

"नाही."

"आणि नवी मशीनं घ्यायची माझी ऐपत नाही."

"नाही."

"म्हणजे सीमा उघडो न उघडो, मला तुमचंच शटल लागणार."

काका चालत राहिले.

"अजून किती वर्षं कराल, बाबा?"

"बघू."

"'बघू' नको. मला सांगा." ती थांबली, म्हणून काकांना थांबावं लागलं. त्यांनी आपले हात पुढे करून पाहिले. उजव्याचा थरथराट वर्षभरापासून होता, तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. लेकीने तो पाहिला.

"मग मला शिकवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस घट्ट बांधून, बाह्या दुमडून दुकानात आली. काकांनी तिला लेथपुढे उभं केलं, पात्याला हात कुठून लावायचा नाही ते दाखवलं. ती चटकन शिकत होती. हात आईसारखा हलका, स्थिर. काका तो हात बघत राहिले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या छातीत काहीतरी दुखलं.

लोखंड फिरू लागलं. लेकीने मायक्रोमीटर उघडला.

"माप किती ठेवू, बाबा?"

अस्सल माप काकांना आता पाठ होतं. त्यांनी त्यात पाच शतांश मिळवले, आणि लेकीला तो आकडा सांगितला.