बिजलीच्या पिसवा

"गावली गं सटवी!" असं खाला ओरडली की गल्लीनं समजायचं, बिजलीच्या अंगावर पिसू सापडली. मुखेडात आमच्या शेजारच्या दारात ती बिजलीला, आपल्या मांजरीला, मांडीवर घेऊन बसायची. हातात उवांची फणी, बाजूला साबणाच्या पाण्याची वाटी. पिसू बुडाली की वाकून विचारायची, "कसं वाटून राहिलं?"

आता खाला लातूरला लेकीकडं असते. तिची नक्कल मी अजून करतो. तुमच्याकडं असं माणूस असंल तर तुम्हीबी करत असाल. तीच म्हणायची, "कर की रं पुन्हा, माझ्यापेक्षा बरी करतो."

मागल्या उन्हाळ्यात पिसवा काही हटंनात. नातीचे पाय चावून लाल झाले. सून म्हणाली, "अम्मी, उद्या हिला पोत्यात घालून लांब सोडून येते."

खाला घाबरली. समोरच्या गोठ्यातून गोचिडाचं औषध मागून आणलं. "एवढ्या मोठ्या देवणी गाईला चालतंय, हिला काय होतंय?" म्हणत तिनं ते बिजलीच्या पाठीवर चोळलं. बिजलीनं अंग चाटलं.

दुपारी हाक आली. "बेटा, पळ! ही थरथर कापून राहिली!"

बिजलीच्या तोंडाला फेस होता. टॉवेलात गुंडाळून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात पळालो.

"गाईचं औषध मांजराला?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग कोमट पाण्यानं, साबण लावून तिला धुवायला लावलं, सुई टोचली. "कापणं थांबलं तर वाचंल. आता बसा."

बसलो बाकड्यावर, बिजली पायाशी टॉवेलात. खाला तिला हाक मारायला गेली, पण आवाजच फुटंना. माझा हात धरून पुटपुटली, "तू बोल. माझ्यासारखं."

"गावली गं सटवी!" मी म्हणालो. कुणी हसलं न्हाई. बिजलीचा कान जरासा हलला.

"पुन्हा," खाला म्हणाली.

मी बोलत राहिलो. घसा कोरडा पडला, तरी थांबायची भीती वाटत होती.

ऊन कललं तेव्हा कापणं थांबलं. बिजली उठली, झोकांड्या खात सरळ खालाकडं आली. खालानं झटकन दोन्ही हात ओढणीखाली लपवले.

"अगं, हात धुतलेत की साबणानं," मी म्हणालो.

"तरीबी नको. तू घे तिला."

बिजली तिच्या गुडघ्याला डोकं घासत होती. खालाच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पण ते पुसायलाबी तिनं हात बाहेर काढले न्हाईत.