दोन कानांत दोन फाये

धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार, सकाळचे अकरा. खिशात पाच हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि झाशीच्या सदर बाजारातल्या एका परफ्यूमच्या दुकानाचा मालक. जावयाच्या पहिल्या दिवाळसणासाठी बाटली घ्यायची होती.

मुलीने फोनवर दोन नावे सांगितली होती, दोन्ही परदेशी. "बाबा, दोन्हींपैकी कुठलाही चालेल. आईलाच ठरवू दे."

अडचण तिथेच होती. आमच्या घराण्याला महाराष्ट्रातून इकडे येऊन दोन-अडीचशे वर्षे झाली. पुतण्यांना मराठी कळते पण धड बोलता येत नाही; एक रीत मात्र टिकून आहे. दिवाळसणाला अभ्यंगस्नान झाले की सासू जावयाच्या मनगटावर अत्तर लावते, आणि ते तिने स्वतः हुंगून निवडलेले असते. मुलीने अत्तराच्या जागी परफ्यूम सुचवला, त्याला हरकत नव्हती. पण माझ्या बायकोला चैत्रातल्या तापानंतर कशाचाच वास येत नव्हता.

मुलीला हे माहीत नव्हते. सिविल लाइंसमधले डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईलही, न येईलही. बायकोने मला बजावले, "पोरीला बोलू नका. सासरी नवीन आहे, उगाच घोर लावून घेईल." तेव्हापासून फोडणी करपते का, दूध लागले का, हे मी पाहत होतो. गोडा मसाला तिने आयुष्यभर वासावर केला. या वर्षी मी धणे, खोबरे, दगडफूल काट्यावर तोलून दिले. मसाला उत्तम झाला असे मी सांगितले. "झाला असेल," ती म्हणाली आणि डबा फडताळात मागे सरकवून ठेवला.

दुकानदाराने निळी आणि बदामी अशा दोन बाटल्या पुढे ठेवल्या आणि कागदाच्या पट्ट्यांवर एकेक फवारा मारला. बायकोने पट्ट्या नाकाशी धरल्या, खाली ठेवल्या आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाली, "कागज पर क्या समझेगा, भैया? कान में रखकर देखना पड़ता है."

दिवाळीच्या वातींसाठी घेतलेला कापूस तिच्या पिशवीत होता. त्यातून तिने दोन फाये वळले.

"अरे भाभीजी, ये इत्र नहीं है, स्प्रे है!"

"आप फुहारा मारिए, बाकी हम देख लेंगे."

निळीचा फाया माझ्या डाव्या कानाच्या पाळीवरच्या खळगीत बसला, बदामीचा उजव्या. दुकानदार गल्ल्यावर हात टेकून हसला. "भाईसाहब, इधर फ्रांस, उधर इटली, बीच में झाँसी!" बायकोही हसली. पण तिने दोन्ही कानांशी वाकून पाहिले तेव्हा मी तिचा चेहरा बघत होतो. काहीच नव्हते. "दोपहर के बाद बताएँगे," ती म्हणाली, आणि आम्ही ई-रिक्षात बसलो.

मी हिशेब तपासणारा माणूस. वजन, माप, टक्के यांत मांडता येते तेवढेच मला कळते असे मी समजत होतो. त्या दिवशी दोन कानांत दोन वास घेऊन बसलो आणि चकित झालो. दुकानात निळीचा वास ताज्या लिंबाच्या सालीसारखा होता. रिक्षा आमच्या गल्लीत वळेपर्यंत लिंबू संपले आणि धुवून वाळत घातलेल्या शर्टासारखे काहीतरी उरले. बदामी आधी मिऱ्यांसारखी नाकाला झोंबली, मग निवली, आणि जेवण होईपर्यंत तिच्याखालून एक गार, मातकट वास वर येऊ लागला. कोणी काही केले नव्हते. बाटलीत हे सगळे एकाच वेळी होते, आणि आता एकेक जण आपली पाळी आल्यासारखा बाहेर येत होता.

दुपारी मी खुर्चीत पेपर वाचत होतो. ती मागून आली. "काढा ते बोळे. दुकानदार हसला तेवढं पुरे झालं." फाया काढायला ती उजव्या कानाशी वाकली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"वाळा," ती म्हणाली.

"काय?"

"ओला वाळा. कूलरमधला."

ती साताऱ्याहून लग्न होऊन आली ती मे महिन्यात. तेव्हा आमच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या असत; त्यांना इकडे खस म्हणतात. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच, "घरभर माठ ठेवलेत का?" असे तिने विचारले होते.

माझा विश्वास बसेना. मला बरे वाटावे म्हणून ती अधूनमधून "आज जरा आला वाटतं" म्हणायची, हे मी ओळखून होतो. मी पाणी मागितले. ती आत गेल्यावर डावीकडचा फाया उजवीकडे घातला, उजवीकडचा डावीकडे, आणि पेपर डोळ्यांपुढे धरला.

ती भांडे ठेवून पुन्हा उजव्या कानाशी वाकली. बराच वेळ तशीच राहिली. मग सरळ उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "गेला."

तो शब्द ऐकून मी हे का केले असे मला झाले. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "थांबा, थांबा," आणि खुर्चीला वळसा घालून डावीकडे आली.

"इथे आहे! अहो, फाये बदललेत तुम्ही!"

"हो."

"बायकोचंसुद्धा ऑडिट करता?"

मी पेपर मिटून मांडीवर ठेवला. साता समुद्रांपलीकडे कोणीतरी ही बाटली भरली. त्याने झाशीचा उन्हाळा पाहिलेला नाही, ताट्यांवरून ठिबकणारे पाणी पाहिलेले नाही. आणि त्याचा एक फवारा, काट्यावर ठेवला तर काटा हलणार नाही एवढा, डॉक्टरांनाही खात्री नव्हती तिथपर्यंत जाऊन पोचला होता.

तिने लगेच जवळच्या बरुआसागरचे झणझणीत आले ठेचून हुंगले. नाही. देवापुढचा कापूर. नाही. निळीच्या फायाचाही नाही. येत होता तो एकच वाळा, आणि तो घ्यायला ती दर थोड्या वेळाने माझ्या कानाशी येत होती. "राहू द्या, काढू नका," असे तिनेच सांगितल्यामुळे दिवेलागणीपर्यंत मी फाये घालूनच बसलो.

मग तिने मुलीला फोन लावला आणि सगळे उलटे सांगितले: आधी वाळा, नंतर ताप. पलीकडून मुलगी आधी रागावली, मग रडली. "आई, एवढे महिने लपवलंस?" "आता सांगितलं ना," ही म्हणाली. "बाटली मी निवडली आहे. तुझ्या नवऱ्याला कळव."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. "तो भाभीजी, फ्रांस कि इटली?" मालकाने विचारले. "खस वाला," ती म्हणाली. कोणती ते त्याला कळले नाही. तिने बोटाने बदामी बाटली दाखवली. निळी तीन हजार नऊशेला होती, बदामी चार हजार सहाशे पन्नासला. घासाघीस करण्याची माझी सवय आहे. त्या दिवशी केली नाही.

दिवाळसणाच्या सकाळी जावई पाटावर बसला. तिने कापसाचा फाया बदामी बाटलीने भिजवला, आधी स्वतः हुंगला, डोळे मिटले, आणि मग त्याच्या मनगटाला लावला. सगळे थांबले होते. मुलगी आईकडे पाहत होती. बायकोने मान डोलावली आणि औक्षण सुरू केले.

हिशेब असा: दुकानदाराला चार हजार सहाशे पन्नास रुपये रोख दिले. जावयाने ओवाळणी म्हणून तबकात पाचशे एक रुपये ठेवले, ते तिला.