निसवलेली केळ आणि न्हाणीचं दार

मी दोंडाईचाची. लग्न होऊन यावलजवळच्या केळीवाल्या घरात आले, तेव्हा तिथलं सगळं मला आवडलं, एक न्हाणी सोडून. कसली न्हाणी नि कसलं काय! मागच्या अंगणात एक दगड, तीन बाजूंनी पऱ्हाट्यांचा म्हणजे कपाशीच्या वाळक्या काटक्यांचा कूड, चौथ्या बाजूला फाटकं लुगडं. वर उघडं आभाळ आणि शेजारी शेजाऱ्यांच्या घराचं सपाट मातीचं छत, धाबं. उजाडलं की त्या धाब्यावर कुणी ना कुणी मिरच्या वाळत घालायला चढायचंच. म्हणून घरातल्या बायकांनी कोंबडं आरवायच्या आत न्हाऊन घ्यायचं. पुरुष मजेत मोटेच्या पाण्याखाली बसायचे. स्वातंत्र्य येऊन चारपाच वर्षं झाली होती, आमची आंघोळ मात्र अंधारातच.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं सासरी व्हायचं, अशी रीत. सातवा लागला तशी माझी झोपच उडाली. बाळंतिणीची आंघोळ काय पहाटे दोन तांब्यांत उरकते? सुईण येणार दिवस वर आल्यावर, तेल चोळणार, घंगाळभर कढत पाणी ओतणार, चांगलं तासभराचं काम. आणि ते त्या लुगड्याआड, धाब्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत? माझं जेवणात लक्ष लागेना, कुणाशी धड बोलवेना. शेवटी नवऱ्यामार्फत सासऱ्यांच्या कानावर घातलं. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा चक्क हो म्हणाले. विटांच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रे आणि दार. आतून कडी असलेलं दार! मला तर त्या कडीचीच स्वप्नं पडायची.

गवंडी आला. पहिल्याच दिवशी कूड पाडला आणि आमच्या हौशी माणसांनी त्या पऱ्हाट्या संध्याकाळपर्यंत चुलाण्यात घालून संपवल्यासुद्धा. आठवड्यात तीन भिंती कमरेइतक्या वर आल्या. चौथी जिथं यायची तिथं न्हाणीच्याच पाण्यावर वाढलेली एक केळ उभी होती. ती उद्या तोडायची असं ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, बाईसाहेब निसवलेल्या! शेंड्यातून जांभळं केळफूल बाहेर.

निसवलेल्या केळीला आमच्याकडे कोयता लावत नाहीत. घड उतरेपर्यंत ती लेकुरवाळी. त्यात घरात पोटुशी सून. गवंड्यानं केळफुलाला हात जोडले आणि थापी गोणपाटात गुंडाळून ठेवली.

"तिचं होऊ द्या, मग बघू," आबा म्हणाले.

घड उतरायला तीनचार महिने, आणि माझे उरले होते दोन! जुना कूड जळून गेलेला, नवा करावा तर कपाशी अजून शेतात उभी. मग काय, चार काठ्या रोवून लुगडी बांधली. वारा सुटला की एका हातानं लुगडं धरायचं आणि दुसऱ्या हातानं तांब्या. आधीची न्हाणी बरी म्हणायची वेळ आली.

मी दिवसातून दहा वेळा मागच्या दारी जायची. केळफुलाचं एकेक पान उलटायचं, खाली एकेक फणी दिसायची. बाकीचे हरखायचे, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगते, मला त्या झाडाचा राग यायचा. आणि राग आला की भीती वाटायची. पोटातलं पोर हललं की वाटायचं, ह्याला कळलं की काय. बसले तरी चैन नाही, उठले तरी चैन नाही.

एका दुपारी पुरुषमाणसं शेतात होती. मी कोयता घेतला आणि केळीपाशी गेले. मारणार होते का, मलाच माहीत नाही. मागून सासूबाईंचा आवाज आला, "ठेव तो खाली."

मग माझा तोल सुटला. सासरी आल्यापासून नीट बोलायची शिकलेली मी, पण त्या दिवशी माझी दोंडाईचाची बोलीच तोंडातून निघाली. "तुमले या केळना जीव दिखस, मना जीव नही दिखस का?" आणि रडायलाच लागले मी, अगदी लहान पोरीसारखी.

सासूबाई जवळ आल्या. माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतः गवंड्याला बोलावणं धाडलं. त्यांच्या तोंडी केळीची 'केय' व्हायची. "केय राहू दे," त्या म्हणाल्या, "भिंत तिच्या पलीकडून घे."

"न्हाणीत केळ?" आबा हसले.

"मंग? पाणी तर तिलेच जातं."

दहा दिवसांत न्हाणी उभी राहिली. केळ आत, तिच्यापुरते पत्रे वगळलेले, तिथं तिच्याच पानांचा आडोसा. सकाळी सुतारानं दार बसवलं, कडी लावली. पहिली आंघोळ माझी, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. भांडले कोण? रडले कोण? जेवणं आटोपल्यावर पाणी तापवलं, बादली घेऊन गेले, तर दार आतून बंद!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार ठोठावलं. "कोण आहे आत?"

"मी हाये." सासूबाई!

"अहो, पण तुमची आंघोळ पहाटेच झाली ना?"

आतून पाण्याचा आवाज नव्हता. त्या म्हणाल्या, "थांब वं माय थोडी. या घरात येऊन तीस वर्सं झाले. माह्यं आंग मी उजेडात कधी पाह्यलंच नाही."

मी बादली खाली ठेवली आणि दाराला पाठ लावून बसले. कडी आतून होती, तरी बसले.